सातव्या पडद्यावरचा घोळ : एका मँडोलिनचं प्रकरण

तक्रार थोडक्यात अशी. वाजवायला बसताना मँडोलिन सुरात असतं, अर्ध्या-पाऊण तासात बिघडतं, आणि मध्ये मध्ये जितकं जुळवावं तितकं जास्तच बिघडत जातं. तारांच्या वरच्या दोन जोड्या, म्हणजे ए आणि ई, कानाला टोचतात. जी आणि डी त्या मानाने निमूट असतात.

तक्रारदार साठीच्या आसपासचे गृहस्थ. तरुणपणी गिटार वाजवायचे, गेली काही वर्षं मँडोलिनच्या नादी लागले आहेत. आमच्या वादक मंडळींत त्यांना सगळे दादा म्हणतात, इथेही तेच चालेल. वाद्य कारखान्यात बनलेलं, थेंबाच्या आकाराचं, पोटावर एफ आकाराची दोन छिद्रं असलेलं. महागडं नाही आणि टाकाऊही नाही.

प्रकरण लिहून काढावंसं वाटलं, कारण बिघाड एक नव्हता. चार गोष्टी एकीवर एक बसल्या होत्या आणि प्रत्येक जण दुसरीला झाकत होती. चौथी तर बिघाडच नव्हती. शिवाय या सगळ्याने दादांच्या वाजवण्याला एक वळण लागलं होतं, आणि ते स्वतः काय किंवा आम्ही काय, त्याला त्यांची शैली समजत होतो.

मंडळींचे सल्ले

वाद्यप्रेमींच्या कुठल्याही गोतावळ्यात एक नियम चालतो : ज्याने अलीकडे जे विकत घेतलं, तेच तो दुसऱ्याला औषध म्हणून सांगतो. एकाने नुकतंच जाड पिक, म्हणजे तार छेडायची चिपटी, घेतलं होतं. त्याचं म्हणणं, दादा, पातळ पिकने तार नीट बोलतच नाही. दुसऱ्याने खुंट्या बदलून घेतल्या होत्या, त्याला दादांच्या खुंट्या सरकताना डोळ्यांनी दिसल्या. तिसऱ्याकडे तीन मँडोलिनं आहेत आणि चौथ्यावर डोळा आहे. तो म्हणाला, "दादा, हे वाद्य आता तुमच्या हाताला पुरत नाही." दादांना अर्थातच हे निदान सगळ्यांत जास्त पटलं.

गटातली व्हायोलिन वाजवणारी मुलगी तेवढी वेगळं बोलली. "काका, तुमचं सगळंच बेसूर नसतं. उघड्या तारांवर तुम्ही ठीक असता, वर गेलात की चढता." तेव्हा तिच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

जुळवताना पाहिलं तेव्हा

मी दादांना म्हटलं, वाजवू नका, नेहमीसारखं फक्त जुळवून दाखवा.

मँडोलिनला आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुराला लावायच्या : जी १९६ हर्ट्झ, डी २९३.७, ए ४४० आणि ई ६५९.३. व्हायोलिनचेच सूर, दर दोन जोड्यांत पंचमाचं अंतर. पंचम म्हणजे सात अर्धस्वर, म्हणून कुठलीही तार सातव्या पडद्यावर (दांडीवर ठोकलेल्या आडव्या पट्टीवर) दाबली की पुढच्या उघड्या तारेचा सूर मिळतो. शिकायला लागलेल्या माणसाला हे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतं आणि तो जन्मभर त्यावर जुळवतो.

दादांची पद्धत अशी होती. घरून निघताना वाद्याच्या डोक्याला चिमट्याचा ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) लावून आठही तारा लावायच्या. वाजवायला सुरुवात झाली, जरा फरक वाटला की ट्यूनर खिशातच ठेवायचा, व्हायोलिनकडून ए घ्यायचा आणि बाकीचं सातव्या पडद्यावर मिळवायचं. डी सातव्यावर दाबून ती ए-शी जुळेपर्यंत डी सैल किंवा घट्ट करायची, मग तसंच जी. शेवटी ए सातव्यावर दाबून त्याला ई लावायची.

त्यांचं झालं की मी ट्यूनरवर पाहत होतो. दर वेळी जी उतरलेली आणि ई चढलेली.

खुंट्या सरकत असत्या, तर तारा उतरल्या असत्या. तार ढिली पडते, आपणहून घट्ट होत नाही. इथे ई वर जात होती, म्हणजे ती कोणीतरी वर नेत होतं. ते कोणीतरी म्हणजे दादा, आणि तेही अगदी प्रामाणिकपणे, कान लावून. मग चूक त्यांच्या कानात नव्हती. ज्या सुराशी ते मिळवत होते तो सातव्या पडद्यावरचा सूरच खोटा असणार. व्हायोलिनवाली हेच सांगत होती.

आधी तारा

इथे घोडीकडे, म्हणजे पोटावर तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीकडे, धाव घ्यायचा मोह होतो. तो आवरावा. जुन्या तारांवर केलेलं मोजमाप फसवं असतं.

दादांच्या तारा जुन्या होत्या. डी-च्या जोडीवर पडदे जिथे भेटतात तिथे पितळी रंग जाऊन काळपट पट्टे आले होते, आणि तारेखालून नख फिरवलं की प्रत्येक पडद्याशी बारीक खड्डा लागत होता. गुंडाळीची तार अशी जागोजागी झिजली की तिचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही, आणि मग ती पडद्यांच्या हिशेबाला जुमानत नाही. खातरजमा करायची युक्ती सोपी आहे. जोडीतली एक तार बोटाने मुकी करायची आणि दुसरी बाराव्या पडद्यावर मोजायची, मग उलट. उघड्या असताना दोन्ही डी तंतोतंत एक होत्या. बाराव्यावर एक तार ३ सेंट चढी निघाली आणि दुसरी ११. (एका अर्धस्वराचे शंभर भाग केले की एक सेंट.) घोडी तीच, पडदा तोच, बोटही तेच. फरक तारेतच.

"अहो, पण तुटल्या कुठे आहेत अजून?" दादांचा हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तार तुटायची वाट पाहणारा वादक तिच्या आयुष्यातला बराच काळ मेलेल्या तारेवर वाजवतो.

नव्या तारा मध्यम जाडीच्या घेतल्या, ई-ला इंचाचे ११ हजारांश आणि जी-ला ४०. आठही तारा मिळून वाद्यावर साधारण ७५ ते ८० किलोचा ताण पडतो. गिटारवाल्यांना हे खरं वाटत नाही, पण आठ तारा आणि तो वरचा ई यांचा तो हिशेब आहे. एका वेळी एकच तार काढायची आणि तिच्या जागी नवी चढवून मगच पुढची काढायची, हा नियम मात्र मोडायचा नाही. कारण पुढे येईलच.

चढवताना ई-ची खुंटी फिरवली की नटाशी (दांडीच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीशी) 'टिक' असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारत होता. तार खाचेत अडकत होती. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं, आवाज गेला. सूर नेहमी खालून वर आणून थांबवायचा, वर गेला तर पुन्हा खाली नेऊन वर आणायचा, हेही दादांना नव्याने सांगावं लागलं. गिटारवर त्यांचं त्यावाचून अडलं नव्हतं.

तारा ताणून स्थिरावेपर्यंत काही दिवस जाऊ दिले आणि मगच मोजायला बसलो.

घोडी

मँडोलिनची घोडी पोटाला चिकटवलेली नसते. ती नुसती ठेवलेली असते आणि तारांच्या दाबाने जागेवर राहते. जुन्या नेपल्सच्या फुगीर पाठीच्या मँडोलिनांत हेच होतं आणि ऑर्व्हिल गिब्सन यांनी १८९८ मध्ये ज्या कोरीव पोटाच्या मँडोलिनचं पेटंट घेतलं त्या घराण्यातही हेच चालू राहिलं. यात सोय आहे, कारण सूर बारीक दुरुस्त करता येतो. धोकाही तोच आहे. आठही तारा एकदम काढल्या की घोडी हातात येते, आणि ती कुठे होती हे सांगणारं कोणी उरत नाही.

आधी घोडी उलटी तर बसवलेली नाही ना हे पाहिलं. हा प्रकार वाटतो त्याहून फार आढळतो. घोडीच्या वरच्या कडेला पायऱ्या कोरलेल्या असतात : ई पुढे, ए मागे, डी पुन्हा पुढे, जी पुन्हा मागे. ए-ची तार साधी पण जाड असते, डी-ची गुंडाळीची असली तरी आतला गाभा बारीक असतो, म्हणून ही नागमोडी. दादांची सुलटी होती. मात्र तिचा माथा नटाच्या बाजूला किंचित झुकला होता. तारा घट्ट करताना त्या माथ्याला आपल्याबरोबर पुढे ओढतात. दर वेळी थोडंसंच, पण ते साठत जातं.

मग दिवा आडवा धरून पोटावर पाहिलं. घोडीच्या पायांच्या मागे, टेलपीसच्या (तारांची खालची टोकं अडकवतात त्या पट्टीच्या) दिशेला, व्हार्निशवर एक फिकट चंद्रकोर दिसली. घोडी पूर्वी जिथे अनेक वर्षं उभी होती तिथली कड.

"दादा, सगळ्या तारा कधी एकदम काढल्या होत्या का?"

"हो की. पडदे पुसायचे होते. घोडी सुटली, पण मी नीट मापात बसवली परत."

"कशाच्या मापात?"

"त्या एफच्या खाचा असतात ना आतल्या बाजूला, त्या रेषेत. व्हायोलिनची तिथेच असते."

व्हायोलिनची असते, हे खरं आहे. पण व्हायोलिनला पडदे नसतात. घोडी दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर वाजवणाऱ्याचं बोट ते सांभाळून घेतं. मँडोलिनचे पडदे ठोकलेले असतात आणि ते घोडीच्या एकाच जागेवर विश्वासून ठोकलेले असतात. एफच्या खाचा इथे फार तर अंदाज देतात. व्हायोलिनचा दाखला देऊन केलेली ही व्यवस्था दिसायला इतकी समजूतदार होती, की कोणालाच तिची शंका आली नाही. व्हायोलिनवालीलाही नाही.

नवी तार असल्याने आता मोजमापाला अर्थ होता. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला नुसतं बोट टेकवून छेडलं की जो घंटेसारखा सूर निघतो, तो उघड्या तारेचा खरा अष्टक. तीच तार बाराव्यावर दाबून छेडायची. दोन्ही जुळले तर घोडी जागेवर. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी टेलपीसकडे न्यायची, उतरा असेल तर नटाकडे. दादांचं माप : ई १४ सेंट चढी, जी ९ सेंट चढी.

या आकड्यांवरून अंतर काढता येतं. या वाद्याच्या तारेची लांबी नटापासून घोडीपर्यंत सुमारे ३५२ मिलिमीटर. बारावा पडदा तिच्या मध्यावर, १७६ वर. घोडी एक मिलिमीटर पुढे सरकली तर उघडी तार एका मिलिमीटरने आखूड होते आणि दाबलेलीही एकाच मिलिमीटरने, पण अर्ध्या तारेला तोच एक मिलिमीटर दुप्पट जड जातो. हिशेब केला तर बाराव्यावर सुमारे ५ सेंट आणि सातव्यावर अडीच सेंट चढतात. म्हणजे दादांची घोडी ई-च्या बाजूला तीन मिलिमीटरच्या आसपास पुढे होती आणि जी-च्या बाजूला दोनच्या आसपास. व्हार्निशवरची चंद्रकोर जवळपास हेच सांगत होती.

आता सातवा पडदा पाहा. तो जी-वर पाच सेंट, ए-वर सात सेंट चढा. व्हायोलिनचा ए पक्का धरला, तर डी सहा सेंट उतरवावी लागते तेव्हा कुठे तिचा सातवा पडदा ए-शी जुळतो. जी त्याखाली आणखी पाच. ई मात्र ए-च्या चढ्या सातव्याला लावल्याने सात सेंट वर. जी आणि ई यांच्यात अठरा सेंटची फट पडली. एका पडद्यावरची जी चूक कदाचित कोणाच्या कानात भरली नसती, ती जुळवण्याच्या पद्धतीने तिप्पट करून चारही जोड्यांत वाटली होती. जितकं जुळवावं तितकं बिघडतं या तक्रारीचा उलगडा इथे झाला.

आणि वरच्या तारा जास्त का टोचतात? दोन तारा किंचित वेगळ्या असल्या की त्यांच्या सुरांत कंप ऐकू येतो, फरक जितक्या हर्ट्झचा तितके कंप सेकंदाला. जोडीत ३ सेंटचा फरक असेल तर ई-वर सेकंदाला साधारण एक कंप येतो. जी-वर तोच फरक तीन सेकंदांत एकदा कंपतो, आणि तेवढ्यात सूर विरून जातो. बेसूर दोन्ही असतात, पकडली जाते ई.

घोडी हलवायला कौशल्यापेक्षा संयम लागतो. तारा थोड्या सैल करायच्या, पाय व्हार्निशवर घासू न देता केसभर सरकवायची, माथा सरळ उभा करायचा, पुन्हा सुराला आणायचं, मोजायचं. एकीकडे ई आणि दुसरीकडे जी, दोघींना आळीपाळीने. शेवटी सगळ्या तारा बाराव्यावर दोन सेंटच्या आत आल्या. पायांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक खूण केली. जुन्या चंद्रकोरीवर डोळे मिटून ठेवली नाही, कारण तारांची जाडी बदलली की घोडीची योग्य जागाही थोडी बदलते.

नवं वाद्य घ्यायचा विषय तेव्हा आपोआप मागे पडला. या जमातीत गिब्सन कंपनीचे लॉइड लोर यांच्या सहीच्या, १९२२ ते १९२४ या काळातल्या एफ-५ मँडोलिनांचं नाव जपमाळेसारखं घेतलं जातं. अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीताचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांचं वाद्य त्यांतलंच, ९ जुलै १९२३ ची सही असलेलं. १९८५ मध्ये कोणीतरी त्यांच्या घरात घुसून त्याचे तुकडे केले, आणि ते पुन्हा जोडून वाजतं करण्यात आलं. मन्रो १९९६ मध्ये गेले, तोवर ते त्यांच्या हातात होतं. तीन मिलिमीटर सरकलेल्या घोडीपायी वाद्य बदलायला निघालेल्यांना मी ही गोष्ट सांगतो.

काळी पाच

घोडी बसल्यावर वर गेलं की चढतं हे थांबलं. मग खालचं उघडं पडलं. पहिल्या पडद्यावरचे सूर चढे होते : ई-वरचा एफ, ए-वरचा बी फ्लॅट, डी-वरचा ई फ्लॅट. घोडी चुकलेली असताना सगळंच कमीजास्त होतं, त्यामुळे हे वेगळं ऐकू येत नव्हतं.

कारण नटात होतं. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये दाबून पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते पाहायचं. केसाएवढी पुरे. इथे व्हिजिटिंग कार्ड आरामात जात होतं. खाचा उथळ, म्हणून तार उंच. पहिल्या पडद्यावर ती दाबायला जास्त खाली ओढावी लागते, ओढली की ताणते, ताणली की चढते. दूरच्या पडद्यांवर हा परिणाम विरत जातो.

आता गंमत अशी. दादा काळी पाचमध्ये, म्हणजे बी फ्लॅटमध्ये, वाजवायला कायम नाखूष. गायक काळी पाच म्हणाला की दादा म्हणणार, "पांढरी सहा घ्या ना, गळ्याला बरी पडेल." आम्हाला वाटायचं, त्यांना त्या पट्टीत बोटं बसत नाहीत. त्यांनाही तसंच वाटायचं. पण बी फ्लॅटच्या सप्तकात स्वतः बी फ्लॅट, ई फ्लॅट आणि एफ हे तिन्ही स्वर वरच्या तीन जोड्यांच्या पहिल्या पडद्यावर पडतात. षड्ज, मध्यम आणि पंचम. तिन्ही आधारस्वर चढे असलेल्या पट्टीत कोणाला सुखाने वाजवता येईल?

नटाच्या खाचा घासायचं काम मी केलं नाही. घोडी चुकली तर परत हलवता येते, खाच एकदा खोल गेली की तार पडद्याला लागून झणझणते आणि नवा नट बसवावा लागतो. ते वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे दिलं. त्याने प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस घेऊन काम केलं.

हाताला लागलेलं वळण

वाद्य परत आलं, सुरात होतं, आणि दादा पहिल्यापेक्षा वाईट वाजवायला लागले.

हे अनपेक्षित होतं, आणि माझ्या मते या प्रकरणाचा सगळ्यांत मोलाचा भाग हाच आहे. मँडोलिनचा सूर लवकर विरतो, म्हणून लांब स्वर धरायचा तर पिक वरखाली वेगात चालवून ट्रेमोलो करतात. दादांचा ट्रेमोलो प्रसिद्ध होता. जरा स्वर लांबला की सुरू, दाट, जोरकस. पण ट्रेमोलोच्या खडखडाटात जोडीतले कंप लपतात. प्रत्येक फटकाऱ्याने स्वर नव्याने सुरू होतो, कंपाला ऐकू येण्याइतका वेळच मिळत नाही. एकच फटकारा मारून स्वर नुसता सोडला की मात्र बेसूरपणा उघडा पडतो. दादांच्या कानाने हे कधीतरी हेरलं आणि हाताला सांगितलं. त्यांना विचारून नाही.

तसंच पाचव्या पडद्याच्या वर न जाणं. तसंच काळी पाच टाळणं. तिन्ही गोष्टी वाद्याच्या दोषाने घालून दिलेल्या, आणि तिन्ही दादांच्या नावावर जमा. वाद्याचा दोष काही महिने तसाच राहिला की तो वादकाचा स्वभाव म्हणून ओळखला जायला लागतो, आणि मग त्याच्यावर कोणी उपाय शोधत नाही.

आता ट्रेमोलोची गरज उरली नव्हती, पण हात थांबत नव्हता. थांबवला की मधली शांतता त्यांना अंगावर यायची. उपाय साधा ठेवला. सावकाश चाल घ्यायची, एका स्वराला एकच फटकारा, आणि तो पूर्ण विरेपर्यंत पुढचा वाजवायचा नाही. मग त्याच चालीत फक्त एका ठिकाणी ट्रेमोलो, आणि तो कुठे हे आधी ठरवायचं. काही आठवड्यांत ते ट्रेमोलो निवडून वापरायला लागले. जाड पिकवाला म्हणाला, "बघा, मी सांगितलेलं पिक घेतलं वाटतं."

घेतलं नव्हतं.

गांधार

आता सगळं ठीक असायला हवं होतं. पण दादा एकटे तंबोऱ्यावर वाजवायला बसले की म्हणायचे, गांधार अजून टोचतो. ते डीचा षड्ज धरतात. मोजलं तर ई-च्या दुसऱ्या पडद्यावरचा एफ शार्प ट्यूनरवर अगदी मधोमध.

ही चौथी गोष्ट, आणि यात काहीही बिघडलेलं नव्हतं. पडदे समान अंतराच्या सप्तकाला ठोकलेले असतात, त्यात शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या षड्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो ३८६ वर. १४ सेंटचा फरक. ई-च्या दुसऱ्या पडद्यावर पडद्याचा सूर ७४० हर्ट्झ आणि तंबोऱ्याच्या मानाने हवा असलेला ७३४. सेकंदाला जवळजवळ सहा कंप. त्यांनी ऐकलेलं खरं होतं. पंचमात हा फरक जेमतेम दोन सेंटचा असतो, म्हणून तो कोणाला खुपत नाही.

"मग घोडी अजून जराशी मागे घेऊ या का?" दादा आता घोडीच्या प्रेमात पडले होते.

नाही. गांधार डीच्या उघड्या तारेपासून चार पडद्यांवर, आणि तिथे घोडीच्या एका मिलिमीटरने सव्वा सेंटच काय तो फरक पडतो. चौदा सेंट उतरवायला अकरा मिलिमीटर न्यावी लागेल, आणि तोवर बारावा पडदा पन्नास सेंट उतरलेला असेल. याला उपाय वाद्यात नाही, वाजवण्यात आहे किंवा वेगळ्या वाद्यात. यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) कर्नाटक संगीतासाठी दुहेरी तारांऐवजी एकेरी तारांचं पाच तारी इलेक्ट्रिक मँडोलिन वाजवायचे. एकेरी तार ओढता येते, गमक (स्वराला दिलेलं आंदोलन) घेता येतं, ध्वनिवर्धकामुळे स्वर टिकतो. दुसरीकडे हिंदी चित्रपटांचे संगीतकार सज्जाद हुसेन मँडोलिनवर राग वाजवायचे, ते ऐकलं की पडद्यांची तक्रार करायला जीभ जरा अडखळते.

दादांनी मधला मार्ग काढला आहे. तंबोऱ्यावर वाजवताना गांधारावर थांबायचं नाही, ट्रेमोलो तर नाहीच. रिषभावरून स्पर्श करून मध्यमाकडे निघून जायचं, किंवा उतरताना एकदाच छेडून सोडायचा. ज्या रागांत गांधारावर मुक्काम असतो ते त्यांनी सध्या बाजूला ठेवले आहेत. गिटारची साथ असली की हा प्रश्नच येत नाही, कारण गिटारचे पडदेही त्याच हिशेबाचे. तिथे उलट ३८६ चा गांधार वाजवला तर तोच उपरा वाटेल.

सध्या

सातव्या पडद्यावर जुळवणं आमच्या गटात जवळजवळ बंद झालं आहे. व्हायोलिनवालीने दादांना दोन शेजारच्या जोड्या उघड्या छेडून पंचम कानाने ओळखायला शिकवलं. ट्यूनर जोडीतल्या एकाच तारेसाठी वापरायचा, दुसरी तार पहिलीला कानाने लावायची. दोन्ही एकदम छेडून ट्यूनरला विचारलं तर तो गोंधळतो.

जी-ची जोडी बाराव्याच्या वर अजून तीन-चार सेंट चढते. घोडीच्या माथ्यावरची जी-ची पायरी थोडी अपुरी कोरलेली आहे, नवा माथा करून घेतला तर ते जाईल असं कारागीर म्हणतो. दादा जी-वर इतक्या वर जात नाहीत, म्हणून ते काम पडून आहे. ते जात नाहीत की जावंसं वाटत नाही, हे एकदा तपासायला हवं.

नवं वाद्य घ्यायचा विचार मात्र गेलेला नाही. आता मँडोला हवा आहे, मँडोलिनपेक्षा पंचमाने खाली लागणारा, सी-जी-डी-ए. त्याचं कारण त्यांनी सविस्तर सांगितलं आहे आणि त्यात बेसूरपणाचा उल्लेख एकदाही आला नाही.